मेघ-संगणन व कार्यालयीन कामकाज
मेघ-संगणन व कार्यालयीन कामकाज : संगणन, माहितीची साठवण, आज्ञावल्या इ. सेवा स्वतःच्या जागेतील यंत्रावर न ठेवता, दूरच्या केंद्रातील यंत्रसमूहाकडून आंतरजालामार्फत, लागतील तेव्हा व लागतील तेवढ्याच घेण्याच्या पद्धतीला मेघ-संगणन म्हणतात. व्यवहारात ती ‘क्लाउड’ या नावाने रूढ आहे. पत्रव्यवहार, हिशेब, वेतनपत्रके, बैठकांची इतिवृत्ते व संचिका यांचा मोठा भाग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या पद्धतीखाली आला. त्यामुळे तिचा इतिहास हा यंत्रांच्या इतिहासाइतकाच कार्यालयातील दप्तराचाही इतिहास आहे.

मेघ-संगणनाची तुलना वीजपुरवठ्याशी करण्याचा प्रघात आहे. खोपोली येथील टाटा जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली, तेव्हा शहरातील कापडगिरण्यांना स्वतःची बाष्पयंत्रे बाळगण्याची गरज हळूहळू उरली नाही. संगणकाच्या बाबतीतही तसेच घडले आहे. तथापि ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी ठरते. तारेतून आलेली वीज वापरली की संपते. ती कोणाची होती, हा प्रश्न मागे उरत नाही. दूरच्या केंद्रात ठेवलेले दप्तर मात्र वापरल्यानंतरही शिल्लक राहते. ते कोणाच्या ताब्यात आहे, ते कोण पाहू शकतो व ते नष्ट झाल्यास दुसरी प्रत कोठे आहे, हे प्रश्न या पद्धतीबरोबर प्रारंभापासून चालत आले आहेत.

संज्ञा व स्वरूप : दूरध्वनी व संगणकजाळ्यांच्या आराखड्यांत, ज्या भागाची अंतर्गत रचना दाखविण्याची आवश्यकता नसे, तो भाग ढगाच्या आकृतीने दाखवीत असत. या आकृतीवरून ‘मेघ’ हे नाव आले. १९९६-९७ च्या सुमारास संगणक व्यवसायात व विद्यापीठीय चर्चांत ही संज्ञा आढळू लागली. ऑगस्ट २००६ मध्ये गूगल कंपनीचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी तिचा जाहीर उपयोग केल्यानंतर ती सर्वत्र पसरली. नाव मेघाचे असले, तरी प्रत्यक्षात हे केंद्र म्हणजे जमिनीवरील एक इमारत असते. तीत हजारो संगणक, चकत्या, शीतनयंत्रे, विद्युत्‌घट व जनित्रे यांची मांडणी केलेली असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली व्याख्या सामान्यतः प्रमाण मानली जाते. तीनुसार या पद्धतीची पाच लक्षणे आहेत : ग्राहकाला हवी ती सेवा स्वतःच घेता येणे, ती जाळ्यावरून कोठूनही उपलब्ध असणे, साधनसामग्रीचा साठा अनेक ग्राहकांत सामाईक असणे, गरजेप्रमाणे तो त्वरित वाढविता वा कमी करता येणे आणि वापराचे मोजमाप होणे. सेवांचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात केवळ यंत्रक्षमता व साठवण मिळते. दुसऱ्यात आज्ञावल्या रचण्याची तयार व्यवस्था मिळते. तिसऱ्यात पत्रपेटी, हिशेब, लेखन यांसारखी तयार आज्ञावलीच मिळते. कार्यालयातील सामान्य कर्मचाऱ्याचा संबंध बहुधा तिसऱ्या प्रकाराशी येतो. मालकी व वापर यांवरून सार्वजनिक, खाजगी, सामुदायिक व मिश्र असे मेघाचे चार प्रकार केले जातात.

पूर्वपीठिका : दुसऱ्याच्या यंत्रावर आपले काम करवून घेण्याची प्रथा संगणकाइतकीच जुनी आहे. चहाची उपाहारगृहे व बेकऱ्या चालविणाऱ्या इंग्लंडमधील लायन्स या कंपनीने ‘लिओ’ हा संगणक स्वतः तयार करून १९५१ मध्ये कार्यालयीन कामासाठी वापरात आणला. बेकरीच्या मालाचे मूल्य काढणे हे त्याचे पहिले नित्याचे काम होते. पुढे कर्मचाऱ्यांची वेतनपत्रके त्यावर होऊ लागली आणि १९५६ मध्ये ब्रिटनमधील फोर्ड मोटार कंपनीच्या वेतनाचा हिशेबही लायन्स कंपनीने आपल्या यंत्रावर करून देण्यास प्रारंभ केला. कारखाना एकाचा, यंत्र दुसऱ्याचे व हिशेब तिसऱ्याच ठिकाणी, ही मांडणी अशा रीतीने कार्यालयीन व्यवहारात प्रथमपासूनच दिसते.

भारतातही महागडे यंत्र अनेकांनी मिळून वापरण्यापासूनच सुरुवात झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० या यंत्राचा उपयोग देशातील अनेक संस्थांतील संशोधकांना झाला. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आरंभीच्या कामांत टाटा पोलाद कंपनीसाठी छिद्रपत्रांवरील हिशेब, सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधील ताळमेळ आणि युनिट ट्रस्टसाठी संगणकसेवा यांचा समावेश होता.

कालविभाजन पद्धती : आरंभीच्या संगणकांवर कामे एकामागून एक होत. छिद्रपत्रांचा संच खिडकीत द्यावयाचा व काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील उत्तर न्यावयाचे, अशी रीत होती. एखादे स्वल्पविरामचिन्ह चुकले, तरी दिवस वाया जाई. यंत्राचा वेळ सूक्ष्म भागांत विभागून तो अनेकांना आळीपाळीने दिल्यास प्रत्येकाला यंत्र आपल्यासाठीच राबत असल्याचा अनुभव येईल, या कल्पनेतून कालविभाजन पद्धती निघाली. १९५९ मध्ये ब्रिटनमधील क्रिस्टोफर स्ट्रेची (१९१६–७५) यांनी पॅरिस येथील परिषदेत या विषयावर निबंध वाचला. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) यांनी अशा पद्धतीची सूचना टिपणाद्वारे मांडली. दूरध्वनीप्रमाणे संगणन हीही एक सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे प्रतिपादन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये एका व्याख्यानात केले. मेघ-संगणनाचे बीज या विधानात आहे, असे मानले जाते.

नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो (१९२६–२०१९) व त्यांचे सहकारी यांनी ‘सीटीएसएस’ या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. काही वर्षांतच सु. ३० जण टंकयंत्रासारख्या उपकरणांवर बसून एकाच वेळी एकच संगणक वापरू लागले. आजच्या कार्यालयीन कामातील कित्येक गोष्टींचा उगम येथे सापडतो. प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून परवलीचा शब्द योजण्यात आला. सामाईक यंत्रावर एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवण्याची सोय १९६५ मध्ये झाली.

सामाईक व्यवस्थेतील धोकाही येथेच प्रथम उघड झाला. १९६६ मध्ये प्रणालीचे दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत होते. एकीत दैनंदिन सूचना व दुसरीत सर्वांचे परवलीचे शब्द होते. दोन्ही कच्च्या प्रतींना प्रणालीने एकच नाव दिल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली आणि यंत्राशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर दिवसाच्या सूचनेऐवजी परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी छापली जाऊ लागली. हा प्रकार कोणी हेतुपुरस्सर केलेला नव्हता. एक व्यवस्थापक एका वेळी एकच फाईल उघडील, हे गृहीतक चुकीचे ठरले होते.

१९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी कालविभाजन पद्धती व तिच्यासाठी ‘बेसिक’ ही सोपी भाषा प्रचारात आणली. १९६५ पासून विकसित झालेल्या ‘मल्टिक्स’ या प्रणालीचा उद्देश तर वीज व दूरध्वनी यांप्रमाणे अहोरात्र चालणारी संगणनसेवा उभारणे हाच होता. जनरल इलेक्ट्रिक, टाइमशेअर इ. कंपन्या यंत्राचा वेळ भाड्याने देऊ लागल्या. याच काळात आयबीएम कंपनीने एकाच यंत्रावर अनेक ‘आभासी यंत्रे’ चालविण्याचे तंत्र सिद्ध केले व १९७२ मध्ये ते ग्राहकांसाठी खुले केले. पुढील मेघ-संगणनाचा पाया या तंत्रावर उभा आहे.

मेजावरील संगणक : सूक्ष्मप्रक्रियकाचा शोध (१९७१) लागल्यानंतर यंत्रांच्या किंमती झपाट्याने उतरल्या. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिझिकॅल्क’ ही आज्ञावली तयार केली. कोष्टकातील एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलत. हिशेबनिसाला जे काम पेन्सिल व खोडरबर घेऊन तासन्‌तास करावे लागे, ते क्षणात होऊ लागले. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. भाड्याच्या यंत्रवेळेची गरज कमी झाली व कालविभाजनाचा व्यवसाय ओसरला.

कर्मचाऱ्याला यामुळे स्वातंत्र्य मिळाले. दप्तराची मात्र पांगापांग झाली. एकाच पत्राच्या चार प्रती चार संगणकांवर व शिवाय एक प्रत चकतीवर, अशी स्थिती होऊन त्यांतील खरी कोणती हे ठरविणे कठीण झाले. कर्मचाऱ्याची बदली झाली वा यंत्र बिघडले, की त्यावरील कागदपत्रांचा ठावठिकाणा लागत नसे. कागदी संचिकेला आवक-जावक नोंदवहीचा, म्हणजे बारनिशीचा, जो धाक होता, तो मेजावरील संगणकाला नव्हता.

आंतरजाल व मेघाचा उदय : ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्पानेट’ या जाळ्यातून पुढे आंतरजाल विकसित झाले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सुचविलेले विश्वव्यापी जाळे १९९३ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्यात आले. जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ ही पत्रसेवा सुरू केली. स्वतःचा संगणक नसलेल्या माणसालाही कोठूनही आपली पत्रपेटी उघडता येऊ लागली; पत्रे मात्र सेवादात्याच्या यंत्रावर राहू लागली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेल्सफोर्स’ या कंपनीने विक्रीव्यवहाराची आज्ञावली चकतीवर विकण्याऐवजी वर्गणी घेऊन आंतरजालावरून पुरविली. त्याच वर्षी ‘व्हीएमवेअर’ने आभासी यंत्रांचे तंत्र सामान्य संगणकांवर आणले.

मार्च २००६ मध्ये अमेझॉन कंपनीने ‘एस-३’ ही साठवणसेवा व ऑगस्ट २००६ मध्ये ‘ईसी-२’ ही यंत्रसेवा सुरू केली. एका आभासी यंत्राचा दर तासाला १० सेंट होता. यंत्र खरेदीचा प्रस्ताव, निविदा, जागा व वातानुकूलन यांपैकी काहीही न करता लहानशा उद्योगालाही मोठी संगणनक्षमता काही मिनिटांत मिळू लागली. त्याच वर्षी गूगलने लेखन व कोष्टके यांची सेवा आंतरजालावर आणली. तीत एकाच मसुद्यावर अनेकांना एकाच वेळी काम करता येई. मायक्रोसॉफ्टची ‘अझूर’ ही सेवा २०१० मध्ये व ‘ऑफिस ३६५’ ही २०११ मध्ये उपलब्ध झाली.

भारत व महाराष्ट्र : भारत सरकारने २०१३ मध्ये ‘मेघराज’ या नावाने शासकीय मेघाचे धोरण निश्चित केले व फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने आपली मेघसेवा सुरू केली. जुलै २०१५ मध्ये ‘डिजिलॉकर’ ही नागरिकांच्या प्रमाणपत्रांची पेटी सुरू झाली. समुद्राखालून येणाऱ्या अनेक तारा मुंबईच्या किनाऱ्यावर येत असल्यामुळे मुंबई व नवी मुंबई परिसर डेटा केंद्रांना सोयीचा ठरला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथील, अमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईतील आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतील केंद्रांतून सेवा देण्यास आरंभ केला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवा वापरण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाल्याने तलाठ्याच्या दप्तरातील उतारा आंतरजालावरून मिळू लागला. दप्तर कोणत्या देशाच्या भूमीवर असावे, हा प्रश्नही याच वर्षी पुढे आला. देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला.

कार्यालयीन रीतींवरील परिणाम : मेघ-संगणनामुळे मसुदा पाठविण्याऐवजी मसुद्याचा दुवा पाठविण्याची रीत आली. संचिका एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्याऐवजी सर्व मेजे एकाच संचिकेभोवती जमू लागली. कोणी कोणती ओळ केव्हा बदलली, याची नोंद प्रणालीच ठेवते व पूर्वीचा पाठ परत आणता येतो. बैठकीत टिपणे घेऊन नंतर त्यांची फेड करण्याऐवजी इतिवृत्त सर्वांसमक्ष लिहिता येऊ लागले.

परंतु जागा जवळजवळ अमर्याद झाल्याने काहीही न काढण्याची सवय जडली. या बाबतीत जुन्या दप्तरव्यवस्थेतील अनुभव उपयोगी ठरतो. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत रूढ असलेल्या सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीत प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची कागदपत्रे आणि नाश करावयाची कागदपत्रे वेगवेगळी बांधली जातात. कोणता कागद आज हाताळावयाचा व कोणता नाही, हे कारकुनाला गठ्ठ्यावरून कळते. मेघातील कप्प्यांची अशीच विभागणी केल्यास शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. फायलीच्या नावाच्या आरंभी वर्ष, महिना व दिवस या क्रमाने दिनांक घातल्यास यादी आपोआप कालानुक्रमे लागते. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ अशा नावांनी मात्र घोटाळाच वाढतो. संचिका व्यक्तीच्या खात्यात न ठेवता पदाच्या वा शाखेच्या खात्यात ठेवणे, कार्यभार सोपविताना किल्ल्यांप्रमाणे प्रवेशाधिकारही काढून घेणे व देणे, बाहेरच्यांना दिलेले दुवे ठराविक मुदतीने तपासणे, हे नियम नव्या तंत्राचे वाटले तरी जुन्या अभिलेखपालाला ते अपरिचित नव्हते.

आपत्ती व मर्यादा : २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीला आग लागून वरचे मजले जळाले. पाच जणांचा मृत्यू झाला व अनेक संचिका नष्ट झाल्या. एकच प्रत एकाच इमारतीत ठेवल्याने काय होते, याचा तो कठोर प्रत्यय होता. त्यानंतर राज्यात संगणकीय प्रतींचा व ई-ऑफिस प्रणालीचा आग्रह वाढला.

तथापि मेघात ठेवलेले दप्तर केवळ त्या कारणाने सुरक्षित होत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याकडून देखभालीच्या वेळी चुकीची आज्ञा टंकली गेली आणि अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे काही तास बंद पडली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्राची पाच मजली इमारत आगीत नष्ट झाली. ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, अशा ग्राहकांची माहिती कायमची गेली.

या संदर्भात दक्षिण कोरियातील घटना विशेष उद्बोधक आहे. तेथील केंद्र शासनाने २०१८ पासून कर्मचाऱ्यांना कामाची कागदपत्रे मेजावरील संगणकावर न ठेवता शासकीय मेघात ठेवण्यास सांगितले होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय केंद्रात लिथियम विद्युत्‌घटांपासून आग लागली व ८५८ टेराबाइट क्षमतेची ती साठवण जळून गेली. साठा फार मोठा असल्याच्या कारणाने त्याची बाहेर राखीव प्रत ठेवलेली नव्हती. ज्यांनी नियम काटेकोरपणे पाळला, त्यांचेच सर्वाधिक नुकसान झाले. नियम न पाळता ज्यांनी स्वतःच्या संगणकावर प्रत ठेवली होती, त्यांची कागदपत्रे वाचली.

महत्त्वाच्या कागदपत्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, हा नियम त्यामुळे तज्ञ सांगतात. अनेक उपकरणांवर एकच फाईल दिसणे म्हणजे अनेक प्रती असणे नव्हे. एका ठिकाणी पुसलेली फाईल सर्वच ठिकाणांहून जाते. तसेच राखीव प्रत ठेवणे पुरेसे नसून ती उघडते की नाही, हे मधूनमधून पाहावे लागते. सेवादाता बदलताना माहिती बाहेर काढण्याचा खर्च, वर्गणी थकल्यास खाते बंद होणे व जाळे खंडित झाल्यास काम ठप्प होणे, या आणखी मर्यादा आहेत. सेवादाता यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी घेतो. दप्तरात काय ठेवावे, किती काळ ठेवावे, ते कोणाला दाखवावे व त्याची दुसरी प्रत कोठे असावी, हे ठरविण्याचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच कार्यालयाकडे राहते.